एका जागत्या व्यसनाचें वाङ्मय

गेल्या वर्षीं पावसाळा सरतां सरतां आमचे एक जुने स्नेही संध्याकाळच्या सुमारास घरीं आले. पुढें ठेवलेला चहा तसाच निवून गेला. पावसापाण्याच्या व कॉलेजांतल्या जुन्या गोष्टी झाल्या. आणि उठतां उठतां त्यांनीं विचारलें कीं, व्यसनासंबंधीं एखादें चांगलें पुस्तक तुमच्या संग्रहीं आहे काय? त्यांचा मुलगा मेलबर्न येथें शिकावयास गेलेला. शिक्षणाचा खर्च भागावा म्हणून तो रात्रीं एका गुदामांत माल हलविण्याचें काम करी, आणि त्या रात्रपाळींतच तिकडे 'आइस' या नांवानें विकल्या जाणाऱ्या स्फटिकांशीं त्याची ओळख झाली. पुढचें आम्हीं विचारलें नाहीं. आम्ही वाङ्मयाचे अध्यापक. कोणी दुःख घेऊन दारीं आला तर त्याच्या हातीं पुस्तक देण्यापलीकडे आम्हांस फारसें कांहीं करतां येत नाहीं. कपाटांतून डेव्हिड शेफ या अमेरिकन पत्रकाराचें 'ब्यूटिफुल बॉय' काढून आम्हीं त्यांना दिलें. तीन आठवड्यांनीं त्यांनीं तें परत आणलें. खुणेचा कागद पुस्तकाच्या मध्याच्याही अलीकडेच होता. "पुस्तक खरें आहे, त्याबद्दल मला शंका नाहीं," ते म्हणाले, "पण मला जें पाहिजे होतें तें त्यांत नाहीं."

काय पाहिजे होतें हें त्या दिवशीं त्यांनीं सांगितलें नाहीं, व विचारण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं. पण ज्या पुस्तकाची आम्ही वर्गांत व वर्गाबाहेर वाखाणणी करीत आलों, तें ज्याच्यासाठीं म्हणून लिहिलें गेलें अशाच वाचकाच्या हातीं पडतांच निरुपयोगी ठरावें, ही गोष्ट टीकाकारास विचार करावयास लावणारी खरीच. म्हणून मेथॅम्फेटामाइन या द्रव्याच्या व्यसनावर २००८ सालापासून जें ठळक लिखाण झालें, त्यांतील कांहीं आम्हीं पुन्हा वाचलें. त्याचाच हा वृत्तांत आहे.

प्रथम त्या द्रव्याविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे; कारण त्याचा स्वभाव ध्यानांत घेतल्यावांचून त्याच्यावरील वाङ्मयाचें मोल करतां येणार नाहीं. नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञानें एफेड्रा जातीच्या वनस्पतींतून इफेड्रिन हें द्रव्य १८८५ सालीं वेगळें काढलें, आणि १८९३ सालीं त्यापासून मेथॅम्फेटामाइन बनविलें. पुढें ओगाटा अकिरा यानें तें स्फटिकांच्या रूपांत आणलें तें १९१९ सालीं. म्हणजे ज्या वर्षीं गडकऱ्यांचा 'एकच प्याला' रंगभूमीवर आला त्याच वर्षीं. हा योगायोग केवळ योगायोगच आहे, पण तो आम्हांस पुढें उपयोगीं पडणार आहे. १९३८ सालीं बर्लिनच्या टेम्लर कंपनीनें 'पेर्विटिन' या नांवानें त्याच्या गोळ्या बाजारांत आणल्या. थकवा जावा, झोंप येऊं नये, उत्साह वाटावा, यासाठीं त्या घेतल्या जात. दुसरें महायुद्ध सुरू झालें आणि त्या गोळ्या शिपायांच्या खिशांत गेल्या. १९४० सालीं फ्रान्सवरील मोहिमेच्या थोड्या महिन्यांत जर्मन लष्कर व विमानदळ यांनीं अशा साडेतीन कोटी गोळ्या मागविल्या. पुढें नोबेल पारितोषिक मिळविणारा हाइनरिश ब्योल हा तेव्हां साधा तरुण शिपाई होता. पेर्विटिन धाडा, अशी विनवणी त्यानें घरीं लिहिलेल्या पत्रांतून आढळते. जपानांत हेंच द्रव्य 'हिरोपोन' या नांवानें १९४१ पासून विकलें जाऊं लागलें, आणि सैनिकांबरोबरच युद्धसाहित्याच्या कारखान्यांतील कामगारांसही तें दिलें जाई. युद्ध संपलें, साठा उरला, तो बाजारांत आला. ओदा साकुनोसुके व साकागुची आंगो हे त्या काळांतील दोन नामांकित लेखक. दोघेही हिरोपोनच्या आधारानें लिहीत. पैकीं ओदा १९४७ च्या जानेवारींत, अवघा तेहतीस वर्षांचा असतां, क्षयानें वारला. १९५१ सालीं जपान सरकारला खास कायदा करावा लागला, आणि १९५४ या एका वर्षांत त्या कायद्याखालीं ५५ हजारांहून अधिक लोक पकडले गेले.

येवढा इतिहास सांगण्याचें कारण असें कीं, या व्यसनाचें मूळ चैनींत नाहीं. दारूबाज, अफीमबाज हे कामावरून उठतात. याचा माणूस कामावर बसून राहतो. शिपाई, मजूर, लांबच्या पल्ल्याची मालमोटार हाकणारा, रात्रीचा दिवस करणारा लेखक, हीं त्याचीं पहिलीं गिऱ्हाइकें. आमच्या भाषेकडेच पाहा ना! झिंग, गुंगी, तंद्री, धुंदी, तार: नशेसाठीं मराठींत जे शब्द आहेत त्या बहुतेकांवर अर्धवट मिटलेल्या डोळ्यांची छाया आहे. पांच दिवस टक्क जागा राहून घरांतील घड्याळ उकलून त्याचीं चाकें ओळीनें मांडीत बसणाऱ्या माणसाच्या नशेला आम्हांपाशीं शब्द नाहीं. 'अंमल' हा एकच शब्द थोडाफार जवळ येतो, कारण त्यांत गुंगीपेक्षां सत्तेचा अर्थ अधिक आहे.

शास्त्रज्ञ सांगतात तें थोडक्यांत असें. कांहीं मिळविल्याचा आनंद आणि तें पुन्हा मिळवावें ही ओढ यांच्याशीं संबंध असलेलें डोपामीन नांवाचें द्रव्य मेंदूंत स्रवतें. स्रवलेलें डोपामीन पेशींत परत ओढून घेणारी जी यंत्रणा असते, तिलाच मेथॅम्फेटामाइन उलटें फिरवितें, व त्यामुळें डोपामीनचा लोंढा लोटतो. कोकेन शरीरांतून सुमारें तासाभरांत निम्में उतरतें. यास दहा-बारा तास लागतात. भूक मरते, झोंप मरते. दिवसांमागून दिवस जागरण झालें म्हणजे संशय येऊं लागतो, आवाज ऐकूं येतात, कातडीखालीं किडे चालतात असें वाटून माणूस स्वतःला ओरबाडतो. दांत जातात, हृदय थकतें. मग तो मेल्यासारखा झोंपतो, आणि उठल्यावर कशांतच गोडी उरलेली नसते. व्यसन सोडल्यास मेंदू सावरतो, पण त्याला वर्ष-वर्ष लागतें, आणि तोही कित्येकदां पुरता सावरत नाहीं. अफूच्या वर्गांतील व्यसनांवर जशीं मान्यताप्राप्त औषधें आहेत, तसें एकही औषध या व्यसनासाठीं अमेरिकेंत अद्याप मंजूर झालेलें नाहीं. त्यांतल्या त्यांत गुण येतो तो एका अगदीं साध्या उपायाचा: लघवीची तपासणी निर्दोष निघाली कीं दर वेळीं कांहीं लहानसें बक्षीस द्यावयाचें. या व्यसनाच्या कथेला झटक्यांत होणारा शेवट नाहीं, हें येथेंच ध्यानांत ठेवावें. कथाकारांची खरी अडचण तीच आहे.

या विषयावरील सर्वांत लोकप्रिय कृति पुस्तक नसून दूरचित्रवाणीवरील मालिका आहे. विन्स गिलिगन यांची 'ब्रेकिंग बॅड' २००८ ते २०१३ या काळांत अमेरिकेंत बासष्ट भागांत दाखविली गेली. तिचा नायक आल्बुकर्की शहरांतील रसायनशास्त्राचा शिक्षक. त्याला फुफ्फुसाचा कर्करोग होतो, आणि कुटुंबासाठीं पैसा मागें ठेवावा म्हणून तो हें द्रव्य बनवूं लागतो. नायक शिक्षक, व तोही आपल्या विषयांत निष्णात, म्हटल्यावर आमच्यासारख्यांचा ऊर किंचित् भरून येतो हें कबूल केलें पाहिजे. पेंगणाऱ्या पोरांपुढें वायां गेलेली विद्या एकदांची कोठें तरी फळली असें वाटतें! अहंकार माणसाला पायरीपायरीनें कसा खालीं उतरवितो, याचें इतकें बारीक चित्रण क्वचितच पाहावयास मिळतें. पण मालाची शुद्धता, त्याचा निळा रंग, बनविणाऱ्याचें कसब यांचें जितकें कौतुक येथें आहे, त्या मानानें तो माल ज्यांच्या शरीरांत जातो त्यांची दखल फार थोडी. दुसऱ्या पर्वांतील एका भागांत नायकाचा तरुण साथीदार एका व्यसनी जोडप्याच्या घरांत शिरतो, आणि तेथें त्याला एक उपाशी, मळकें, अबोल पोर भेटतें. त्या एका भागांत हें व्यसन खरोखर दिसतें. एरव्हीं दिसतो तो व्यापार. आमच्या स्नेह्यांना ही मालिका पाहा असें सांगण्याची कल्पनाही आमच्या मनाला शिवली नाहीं, यांतच तिच्याविषयींचा आमचा अभिप्राय आला.

'ब्यूटिफुल बॉय' हें पुस्तक मात्र निराळ्या जातीचें आहे. डेव्हिड शेफ यांनीं प्रथम २००५ सालीं एका वृत्तपत्राच्या साप्ताहिक अंकांत मुलाच्या व्यसनावर लेख लिहिला. त्याचा विस्तार होऊन २००८ सालीं पुस्तक झालें. शेफ यांनीं पूर्वीं १९८० सालीं जॉन लेनन यांची मुलाखत घेतली होती, व लेनन यांनीं आपल्या मुलासाठीं रचलेल्या गाण्यावरूनच हें नांव घेतलें आहे. कॅलिफोर्नियांतील सागरकांठचें सुखवस्तु घर, पुस्तकें, चित्रें, समुद्रावर फळीवरून लाटा कापणारा हुशार मुलगा निक. आणि त्याच घरांत एके दिवशीं धाकट्या सावत्र भावाच्या साठवणींतले थोडेसे डॉलर नाहींसे होतात. या चोरीचें वर्णन आम्हांस साऱ्या पुस्तकांत अधिक हृदयद्रावक वाटतें, कारण रक्कम इतकी क्षुल्लक आहे. मोठी चोरी असती तर बापाला संताप येतां. लहान चोरीनें त्याला कळतें कीं, आपल्या मुलाला आतां लहानमोठें कांहींच दिसेनासें झालें आहे.

पुस्तकाचा शिखरबिंदु म्हणजे लेखकाच्या मेंदूंत रक्तस्राव होतो तो प्रसंग. इस्पितळांत पडले असतां त्यांना स्वतःचें नांव सांगतां येईना. पण मुलाची काळजी कांहीं पुसली गेली नव्हती. त्याला फोन करावा म्हणून ते त्याचा क्रमांक आठवूं पाहतात, आणि तो आठवत नाहीं. व्यसनाचा घाला व्यसनी माणसाच्या शरीराबाहेर किती खोल जातो हें दाखविणारा याहून बोलका प्रसंग आमच्या वाचनांत नाहीं. आणि तरीही हें पुस्तक आमच्या स्नेह्यांना पुरें करवलें नाहीं. याचें कारण आम्हांस आरंभीं पैशांत दिसलें. शेफ यांच्या घरीं मुलगा कोसळला कीं नवें उपचारगृह, पुन्हा कोसळला कीं आणखी नवें, नवे डॉक्टर, नवे सल्लागार. पेन्शनीच्या उंबरठ्यावरील पुणेकर गृहस्थानें हें वाचून काय करावें? पण हा आक्षेप उथळ आहे असें पुढें आमच्या ध्यानांत आलें. शेफ यांचा पैसा मुलाला वांचविण्यास पुरला नाहीं, हीच तर त्या पुस्तकाची साक्ष आहे. खरा दोष असा कीं, या पुस्तकाचा नायक बाप आहे. तो वाट पाहतो, खिडकीशीं उभा राहतो, ग्रंथ वाचतो, तज्ज्ञांना विचारतो, घटस्फोटानंतर लहानग्या पोराला दोन शहरांमध्यें विमानानें ये-जा करावयास लावलें म्हणून स्वतःला बोल लावतो. दार बंद आहे व तो बाहेर उभा आहे. दाराआंत काय चाललें आहे हें त्यालाही ठाऊक नाहीं, मग वाचकास कोठून असणार?

दाराआंतलें लिहिलें तें मुलानें. निक शेफ याचें 'ट्वीक' त्याच वर्षीं प्रसिद्ध झालें. या द्रव्याच्या अंमलाखालीं माणूस जे अखंड चाळे करीत राहतो त्यांना अमेरिकन बोलींत जो शब्द आहे, तोच पुस्तकाचें नांव. हें पुस्तक पहिल्यानें वाचलें तेव्हां आमचें मत चांगलें झालें नव्हतें, आणि तें आम्हीं विद्यार्थ्यांपुढें बोलूनही दाखविलें होतें. वाक्यें तोकडीं, सर्व क्रियापदें वर्तमानकाळीं; एक खोली, दुसरी खोली, एक रस्ता, दुसरा रस्ता; पैसे, सुई, पुन्हा पैसे. महत्त्वाची गोष्ट व बिनमहत्त्वाची गोष्ट एकाच दमांत. रचना नाहीं, निवड नाहीं, असें आम्हीं म्हटलें. बापाचें पुस्तक लेखकाचें व मुलाचें पुस्तक निव्वळ कागदपत्र, असा निवाडा देऊन आम्ही मोकळे झालों होतों. निवड्याची ही घाई अध्यापकी पेशाचा रोग आहे. परीक्षेचे पेपर तपासून तपासून तो जडतो.

मध्यंतरीं २०१८ सालीं दोन्ही पुस्तकें एकत्र करून एक चित्रपट निघाला. त्यांत अभिनय उत्तम आहे, व त्यापेक्षां अधिक कांहीं म्हणण्यासारखें आम्हांस सुचत नाहीं.

बापलेकांच्या या घरांतून बाहेर पडून गांवाकडे पाहणारें पुस्तक म्हणजे निक रेडिंग यांचें 'मेथलँड', प्रकाशन २००९. आयोवा राज्याच्या ईशान्येस ओल्वाइन नांवाचें सहा-सात हजार वस्तीचें गांव आहे. एके काळीं तेथें रेल्वेचीं मोठीं कर्मशाळा होती, मांसाच्या डबेबंदीचा कारखाना होता, आणि आसपास लहान शेतकऱ्यांचीं शेतें होतीं. शेतें मोठ्यांनीं गिळलीं, कारखाना एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला. तासाला अठरा डॉलरांच्या घरांतली मजुरी सहा डॉलरांच्या घरांत आली, असें रेडिंग सांगतात. पूर्वीचा पगार मिळवावयाचा तर दोन दोन पाळ्या करणें प्राप्त झालें, आणि दोन पाळ्या करावयाच्या तर जागें राहणें प्राप्त झालें. जागें राहण्याचें द्रव्य घरींच शिजवितां येत होतें. सर्दीच्या गोळ्यांत त्याचा मूळ पदार्थ होता. पुस्तकांतील एक मनुष्य त्या कारखान्यांतलाच. दुहेरी पाळीसाठीं म्हणून त्यानें सुरुवात केली. पुढें कामही सुटलें, आणि शेवटीं आईच्या घराच्या तळघरांत रसायनांचा भडका उडून त्याचें अंग होरपळलें, बोटें गेलीं. उरलेल्या थोटकांनीं तो नळी धरून तेंच द्रव्य पुन्हा ओढतो, तें पान वाचून झाल्यावर आम्हीं पुस्तक त्या दिवसापुरतें मिटलें.

रेडिंग यांचा गुण असा कीं, ते या माणसाच्या शेजारींच कायद्याचा इतिहास मांडतात. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकन अंमलबजावणी खात्यांतील एका अधिकाऱ्यानें इफेड्रिन व त्याच्या भावंड द्रव्यांवर नियंत्रण आणण्याचा आग्रह धरला. औषध कंपन्यांनीं विरोध केला. १९८८ चा कायदा झाला तेव्हां भुकटीवर निर्बंध आला, पण तयार गोळ्या वगळल्या गेल्या. ती फट २००६ पर्यंत पुरती बुजली नाहीं. त्या वर्षीं सर्दीच्या गोळ्या दुकानाच्या गल्ल्यामागें गेल्या, विकत घेणाऱ्याचें नांव नोंदलें जाऊं लागलें, आणि तळघरांतल्या भट्ट्या कमी झाल्या. पण व्यसन कमी झालें नाहीं; माल मेक्सिकोंतून येऊं लागला. मेक्सिकोनें २००८ च्या सुमारास मूळ पदार्थच बंद केला तेव्हां तेथील भट्टीवाल्यांनीं इफेड्रिन मुळींच न लागणारी निराळी कृति उचलली. २०२१ सालीं अमेरिकेंत या वर्गांतील द्रव्यांचा हात असलेले मृत्यु ३२ हजारांवर गेले. त्यांतील पुष्कळांत फेंटानिलचीही भेसळ होती.

'मेथलँड' मध्यें तपशिलाच्या चुका आहेत असें आयोवांतील वाचकांनीं दाखवून दिलें, तो दोष दुय्यम समजावा. आमचा आक्षेप निराळा आहे. मजुरी उतरली ती कारखान्यांतील सर्वांचीच; स्फटिक ओढूं लागले ते त्यांपैकीं कांहींच. या 'कांहींच' चें उत्तर रेडिंग यांच्यापाशीं नाहीं. आणि शेफ यांच्या घरीं तर मजुरीचा प्रश्नच नव्हता. नॉर्मन ओलर यांच्या २०१५ च्या जर्मन ग्रंथावरही याच अंगानें टीका झाली. नाझी सैन्य, अधिकारी व खुद्द हिटलर यांच्या औषधसेवनाची हकीकत त्यांनीं मोठ्या चटकदारपणें सांगितली. पण गोळीकडे बोट दाखवितांना माणसाची जबाबदारी गोळीच्या माथीं मारली जाते, असें रिचर्ड इव्हान्स या इतिहासकारानें कठोर शब्दांत बजावलें. इव्हान्स यांची बाजू आम्हांस सबळ वाटते. मात्र तोच नियम उलट्या बाजूनेंही लावला पाहिजे: सर्व जबाबदारी माणसाच्या माथीं मारतांना गोळी कोणी बनविली, कोणी वांटली, आणि दुसऱ्या पाळीची गरज कोणामुळें पडली, हेंही झांकलें जातें.

येथें आम्हांस पुन्हा 'एकच प्याला' आठवतो. दारूबंदीचें प्रचारनाटक म्हणून त्याचा बोलबाला झाला, आणि सिंधूच्या दळणावर अश्रू ढाळतां ढाळतां प्रेक्षक एक गोष्ट विसरले. सुधाकराच्या ऱ्हासाचें पहिलें कारण प्याला नव्हे. कोर्टांत मुन्सफाशीं खटका उडून त्याची सनद कांहीं काळ काढून घेतली जाते. भर कोर्टांत झालेला तो अपमान विसरावा म्हणून तळीराम पहिला प्याला पुढें करतो. आधीं सनद जाते, मग प्याला येतो. ओल्वाइनच्या मजुराचीही सनदच गेली होती, असें म्हणतां येईल. तरी सनद परत मिळाल्यानें सुधाकर सावरत नाहीं, हेंही गडकऱ्यांनीं तितक्याच निष्ठुरपणें दाखविलें आहे. कारणापासून सुरू झालेलें व्यसन पुढें कारणावांचून चालतें. हें गडकऱ्यांना जितकें कळलें होतें तितकें रेडिंग यांना कळलेलें दिसत नाहीं, असें म्हटल्यास तो केवळ स्वभाषाभिमान समजूं नये.

मात्र गडकऱ्यांचा प्याला विसरण्यासाठीं आहे. अनिल अवचट यांनीं 'गर्द' लिहिलें व पुढें १९८६ सालीं त्यांनीं व डॉ. सुनंदा अवचट यांनीं पुण्यास 'मुक्तांगण' उभें केलें, तेव्हांचें ब्राउन शुगरही गुंगीचेंच. मराठी लेखकानें पाहिलेला व्यसनी माणूस कोपऱ्यांत पडलेला असतो. जागता व्यसनी आपल्या वाङ्मयांत अजून उभा राहिलेला नाहीं, आणि म्हणून तो घरांत उभा राहिला तरी ओळखूं येत नाहीं. मुलगा फार मेहनत करतो, रात्र रात्र जागतो, असें आपण शेजाऱ्यांना अभिमानानें सांगतों! वर्तमानपत्रांची मदत म्हणावी तर मेफेड्रोन व मेथॅम्फेटामाइन या दोन निरनिराळ्या द्रव्यांची तेथें नेहमीं गल्लत होते. हें संकट परदेशचें म्हणून स्वस्थ बसावें अशी स्थिति नाहीं. २०१६ च्या एप्रिलांत ठाणें पोलिसांनीं सोलापूरनजीकच्या एका औषधांच्या कारखान्यांतून कित्येक टन इफेड्रिन जप्त केलें. २०२४ च्या नोव्हेंबरांत अंदमानच्या समुद्रांत तटरक्षक दलानें ब्रह्मी मासेमारांच्या एका होडींतून सुमारें सहा हजार किलो मेथॅम्फेटामाइन पकडलें. ईशान्येकडील राज्यांत तर ब्रह्मदेशांतून येणाऱ्या त्याच्या गोळ्या आतां नव्या राहिलेल्या नाहींत.

असो. हें सर्व वाचून झाल्यावर, दिवाळीच्या थोडें आधीं, आम्ही स्वतःच त्या स्नेह्यांकडे गेलों आणि त्या दिवशीं न विचारलेला प्रश्न विचारला. त्यांनीं दिलेलें उत्तर असें: "दर रविवारीं त्याचा फोन येतो. तो बोलतो, मी ऐकतों. कधीं एकसारखा तासभर बोलतो, कधीं दोन शब्दांत आटोपतो. तो किती दिवसांचा जागा आहे, हें आवाजावरून ओळखतां येतें का, एवढेंच मला पुस्तकांत पाहिजे होतें."

घरीं येऊन आम्हीं 'ट्वीक' पुन्हा उघडलें. जीं वाक्यें आम्हीं दोष म्हणून दाखविलीं होतीं तींच आतां निराळीं ऐकूं येऊं लागलीं. बापाच्या पुस्तकांत रात्री मोजलेल्या आहेत. मुलाच्या पुस्तकांत दिवस-रात्रींतली रेघच पुसलेली आहे. पहिल्या दिवशींचीं वाक्यें एकमेकांस धरून आहेत. त्यांत बेत आहेत, उद्यांच्या गोष्टी आहेत. जागरण वाढूं लागलें कीं बेत मोठे होतात व वाक्यें लहान. मग एकच गोष्ट दोनदां येते. मग कोणीतरी पाळतीवर आहे. मग नुसतीं नांवें व जागा. आणि मग एकाएकीं कोरी ओळ, म्हणजे झोंप. निवड नाहीं, ही आमची तक्रार होती. जागा असलेला तो माणूस निवड करूंच शकत नाहीं, आणि लेखकानें नंतर शुद्धीवर येऊनही ती निवड आपल्या पदरची घातली नाहीं, हें त्याचें प्रामाणिकपण आम्हांस तेव्हां दिसलें नव्हतें. शेवटाविषयींही तसेंच. 'ट्वीक' आशेवर संपतें म्हणून तो शेवट आम्हांस ओढूनताणून आणलेला वाटला होता. २०११ सालीं निकनें दुसरें पुस्तक लिहून, आपण त्यानंतर पुन्हा घसरलों होतों, हें स्वतःच सांगून टाकलें.

बापाच्या पुस्तकाची भाषा अधिक सुंदर आहे हें आम्ही आजही म्हणूं. पण विद्यार्थ्यांपुढें दिलेला तो जुना निवाडा आम्हीं मागें घेतला आहे. 'ट्वीक' च्या समासांत पेन्सिलीनें पहिला दिवस, तिसरा दिवस, पांचवा दिवस अशा खुणा करून तें आम्हीं स्नेह्यांकडे पोंचतें केलें. कांहीं ठिकाणीं आमचा हिशेब चुकलाही असेल, म्हणून तेथें प्रश्नचिन्ह घातलें. रविवारीं फोनची घंटा वाजण्याआधीं ते तें उघडून बसतात, असें त्यांच्या पत्नी परवां सांगत होत्या. पुस्तक अद्याप परत आलेलें नाहीं.